क्योटोच्या जुन्या गल्ल्या: गाइड घेऊन फिरावं की आपलं आपण?

रानजाई

पुढच्या वसंतात जपानला जायचं घरात ठरतंय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. क्योटोच्या जुन्या वस्त्या, म्हणजे गिओन, हिगाशियामा, निशिजिन, पायी फिरायला स्थानिक गाइड घ्यायचा की नाही? भाऊ म्हणतो, "मोबाइलवर नकाशा आहे, माहिती फुकट मिळते, तेवढ्या पैशात सगळ्यांचं जेवण होईल." मी एकदा जाऊन आले आहे आणि माझं मत पक्कं आहे. बाकी कुठे नाही घेतला तरी चालेल, पण या गल्ल्यांत गाइड घ्यावाच, आणि तोही सहा-आठ जणांच्या पायी फेरीचा. चाळीस जणांच्या झेंड्यामागे धावण्याबद्दल मी बोलत नाहीये.

देवळात किंवा किल्ल्यात बघायची गोष्ट समोर असते. जुन्या वस्तीत समोर असतात ती बंद दारं. माचिया, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची लाकडी घरं, रस्त्याच्या बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब गेलेली. आपल्याला दिसते ती तांबूस-काळपट लाकडी जाळी, वरच्या मजल्याला गिलाव्यातल्या उभ्या फटींची खिडकी आणि भिंतीच्या पायाशी बाकदार बांबूंचं कुंपण. दहा घरं बघून झाली की अकरावं घर तसंच वाटतं.

आमच्या गाइडबाईंनी अशाच एका जाळीपुढे थांबवलं आणि विचारलं, "यातल्या काही पट्ट्या वरून आखूड का आहेत?" कुणालाच सांगता येईना. ते सुताच्या व्यापाऱ्याचं घर होतं. रंग पारखायला उजेड लागतो, म्हणून जाळीचा वरचा भाग मोकळा सोडलेला. साके, म्हणजे तांदळाची दारू, विकणाऱ्याची जाळी मात्र जाडजूड, पिंपांचा धक्का लागला तरी हलू नये अशी. मग त्यांनी छपराच्या कडेवर बसवलेला कौलाचा छोटा दाढीवाला पुतळा दाखवला. तो शोकी. समोरच्या देवळाच्या छपरावर राक्षसाच्या तोंडाचं कौल असलं, तर तिथून परतवलेली इडापिडा आपल्या घरात शिरू नये म्हणून समोरचे लोक शोकी बसवतात. दारावर टांगलेली गवती जुडी गिओन उत्सवातली, वर्षभर तशीच ठेवायची. दारातली पाणी भरलेली लाल बादली आगीसाठी. हे कळल्यावर पुढची गल्ली मी आपोआप वाचत गेले, बाईंना काही सांगावं लागलं नाही.

दुसरं कारण वागण्याचं. गिओनच्या दक्षिण भागातल्या छोट्या गल्ल्या खाजगी आहेत. माइकोंच्या, म्हणजे तिथल्या शिकाऊ नर्तकींच्या, मागे कॅमेरे घेऊन पळणाऱ्यांना कंटाळून तिथल्या लोकांनी 2019 मध्ये या गल्ल्यांत फोटो काढायला मनाई केली, 10,000 येन दंडाच्या पाट्या लावल्या. तरी फरक पडेना, म्हणून 2024 मध्ये पर्यटकांना त्या गल्ल्यांत यायलाच बंदी घातली. हानामिकोजी हा मोठा रस्ता खुला आहे, पण त्याला फुटणारी कुठली वाट खुली आणि कुठली खाजगी, हे नवख्याला चटकन कळत नाही. जाणकार माणूस बरोबर असला की आपण कुणाच्या उंबऱ्यापाशी उगाच घुटमळत नाही.

तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

आडवाट

जाळीचं वर्णन वाचून छान वाटलं, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

गिओनमध्ये आणि निनेनझाका-सान्नेनझाकाच्या चढावर जी गर्दी असते, त्यातला मोठा भाग कुणाच्या तरी मागेच चालत असतो. 2024 मध्ये जपानला साधारण 3 कोटी 69 लाख परदेशी पाहुणे आले. त्यातल्या किती जणांना फेरीवाले यासाका पॅगोडासमोरच्या त्याच उतारावर उभं करतात, ते सकाळी दहा वाजता जाऊन बघा. तिथल्या बहुतेक फेऱ्या त्याच चार जागा, त्याच क्रमाने दाखवतात. म्हणजे गर्दी टाळायला गाइड घ्यायचा आणि गर्दीतच जाऊन उभं राहायचं.

मी एकटा फिरलो टोकियोच्या यानाका, नेझू, सेंदागी या भागात. 1923 चा भूकंप आणि 1945 ची बॉम्बफेक या दोन्हींतून हा पट्टा बऱ्यापैकी वाचला, त्यामुळे जुन्या टोकियोचा अंदाज येतो तो इथे. हातात नकाशाही धरला नाही. देवळं, कबरस्तान, लाकडी दुकानं, शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, योशिनोबू याची कबर. एका देवळाच्या लाकडी दरवाज्यात बोट जाईल एवढी भोकं दिसली. ती 1868 च्या उएनोच्या लढाईतल्या गोळ्यांची आहेत हे तिथल्या फलकावरून कळलं. पुढे एक गल्ली सापासारखी वळत जाते, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. बाकीचे रस्ते एवढे सरळ असताना हिलाच काय झालं, हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. रात्री वाचलं तेव्हा कळलं, की गल्लीखाली आयझोमे नावाची छोटी नदी बुजवलेली आहे. पाण्याची वळणं तशीच रस्त्यात उतरली आणि आज तीच दोन प्रभागांची हद्द आहे.

गाइडने ही गल्ली दाखवली असती तर वळणावर पोचायच्या आधीच नदी सांगून टाकली असती. मला प्रश्न पडायला वेळच मिळाला नसता. बघणं म्हणजे नुसती माहिती मिळवणं असेल तर घरी बसूनही मिळते. रस्ता चुकण्याची मोकळीक मी पैसे देऊन का घालवू?

विसूकाका

आडवाट, चुकण्याची मोकळीक तरुण गुडघ्यांना परवडते हो. आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या, त्यात पाऊस. तिथे पडलं की तीन वर्षांत माणूस जातो अशी तिथली समजूत, ती ऐकून सौ. दोन पायऱ्या आणखी जपून उतरली. गाइड मुलीने चढाची बाजू टाळून आम्हाला वरून खाली आणलं, बसायला बाकडं कुठे, स्वच्छतागृह कुठे, सगळं तिला ठाऊक. दुसरं म्हणजे सौ. कडक शाकाहारी. नुसत्या भाजीच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, हे त्या मुलीने सांगितलं म्हणून कळलं, आणि दुकानात जाऊन विचारलंही तिनेच. आमचं मत गाइडच्या बाजूने.

निशिकासाईकर

टोकियोत बरीच वर्षं आहे. दरवर्षी पुण्या-ठाण्याहून कुणी ना कुणी येतं आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे येतं, म्हणून लिहितोय.

रानजाईताई, तुम्हाला चांगल्या बाई मिळाल्या, पण "गाइड घ्यावाच" असं सरसकट सांगू नका. जपानमध्ये 1949 पासून कायदा होता, की परवाना असल्याशिवाय परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन गाइडगिरी करायची नाही. परीक्षा अवघड, भाषेबरोबर इतिहास आणि भूगोलही. जानेवारी 2018 पासून ते बंधन गेलं. परवाना आजही आहे, परीक्षाही आहे, पण परवान्याशिवायही कुणीही पैसे घेऊन फिरवू शकतो. हौसेने शिकलेले उत्तम लोक त्यामुळे पुढे आले, तसे चार व्हिडिओ पाहून उभे राहिलेलेही आले. नेटवर नाव नोंदवताना फरक कळत नाही, दोघांच्या पानांवर फोटो सारखेच झकास.

माझ्या एका नातेवाइकांना गिओनमध्ये अशाच एकाने गेइको म्हणजे काय याबद्दल नको त्या भानगडींची रसभरीत गोष्ट सांगितली आणि संध्याकाळी कामाला निघालेल्या एका माइकोच्या वाटेत सगळ्यांना उभं केलं. गेइको नाच, गाणं, शामिसेन हे तंतुवाद्य यांत वर्षानुवर्षं तयार झालेल्या कलावंत आहेत. माइको म्हणजे शिकाऊ, बहुतेक जणी अजून विशीतही न पोचलेल्या. मुलगी कामावर निघालीय आणि आपण तिची वाट अडवतो. हे करायला शिकवणारा गाइड असण्यापेक्षा नसलेला बरा.

त्यामुळे गाइड घ्यायचाच तर परवाना विचारा. परीक्षा दहा परदेशी भाषांत होते. इंग्रजी, कोरियन, थाईसुद्धा आहे, पण आपली एकही भारतीय भाषा नाही, तेव्हा इंग्रजीवरच भागवावं लागेल. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी स्वयंसेवक गाइड बघावेत. बऱ्याच शहरांत निवृत्त शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी विनामोबदला फिरवतात, आपण फक्त त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण बघायचं. कानाझावात तर पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक जुन्या सामुराई वस्तीत आणि चहाघरांच्या भागात भेटतात. त्यांना विकायचं काही नसतं, त्यामुळे दुकानासमोर थांबायची घाईही नसते.

आडवाट

निशिकासाईकर, म्हणजे माझंच म्हणणं झालं ना? चांगला कोण ते आधी कळत नाही, वाईट मिळाला तर फेरी वाया आणि वर लोकांना त्रास. एकट्याने फिरणारा निदान दहा जणांना घेऊन कुणाच्या दारासमोर उभा राहत नाही.

रानजाई

नाही, तुमचं म्हणणं झालं नाही. वाईट डॉक्टर असतात म्हणून कुणी स्वतःच स्वतःला औषध देत नाही, चौकशी करून चांगला शोधतो. आणि माइकोंच्या मागे लागणारे बहुतेक एकटेदुकटे हौशी फोटोवालेच असतात. त्या पाट्या लावाव्या लागल्या त्या अशांमुळेही.

गोदाकाठ

मी नाशिकचा, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. कामानिमित्त क्योटो आणि नारा पाहिलंय. दोन्ही बाजू वाचल्या आणि एक गोष्ट राहून गेली असं वाटतं. फेरीत दाखवतात ते किती जुनं आहे, हे नीट सांगितलं जातं का?

क्योटो 794 ची राजधानी हे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं समोरची घरंही हजार वर्षांची. 1467 ते 1477 च्या ओनिन युद्धात शहराचा बराच भाग जळाला. 1864 मध्ये राजवाड्याच्या दरवाज्यांपाशी झालेल्या लढाईनंतर आग लागली, त्यात मधलं शहर पुन्हा भस्मसात झालं. मध्य क्योटोत आज दिसणारी बहुतेक माचिया त्यानंतरची, म्हणजे फार तर एकशे साठेक वर्षांची. सुगिमोतो घराण्याचं मोठं घर पाहण्यासारखं आहे. त्यांचा कापडाचा व्यापार 1743 चा, पण घर 1870 चं, आगीनंतर बांधलेलं. हानामिकोजीचा दक्षिण भाग तर मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, केन्निन-जी मंदिराच्या जमिनीवर वसला. यात कमीपणा काही नाही. जळलेलं शहर त्याच पद्धतीने, त्याच मापाने परत उभारलं, ही मोठी गोष्ट आहे आणि नेमकी तीच गाळली जाते.

"क्योटोवर बॉम्ब पडले नाहीत" हेही असंच. थोडे पडले, 1945 च्या जानेवारीत आणि जूनमध्ये, जूनमध्ये तर विणकरांच्या निशिजिनवर. पण शहराचं त्याहून मोठं नुकसान शहरानेच केलं. हल्ल्यात आग पसरू नये म्हणून 1945 मध्ये घरांच्या रांगाच्या रांगा पाडून पट्टे मोकळे केले. आजचे ओइके, गोजो आणि होरिकावा हे रुंद रस्ते त्यातून झाले. गिओनच्या शिराकावा ओढ्याकाठी चेरीखाली जिथे फोटोसाठी रांग लागते, तिथेही पाण्याला लागून चहाघरं होती, तीही तेव्हाच पाडली. ओढ्याकाठची ती मोकळी, देखणी फरशी त्या पाडलेल्या घरांच्या जागेवर आहे.

आणि आता चालू असलेली पाडापाडी. शहराच्या 2016 च्या पाहणीत साधारण 40,000 माचिया उरली होती. आधीच्या पाहणीपासूनच्या सात वर्षांत 5,000 हून जास्त पाडली गेली, म्हणजे दिवसाला सरासरी दोन. कारणं ओळखीची आहेत. वारसा कर, वाटण्या, म्हातारे मालक, आणि 1950 चा इमारतींचा कायदा, ज्याच्या नियमांत दगडावर नुसते खांब टेकवून उभी केलेली ही जुनी बांधणी बसत नाही. एकदा पाडलं की तसंच परत बांधणं जवळपास अशक्य. पुण्या-नाशिकच्या वाड्यांचं जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

1975 मध्ये कायदा बदलून अख्खी वस्ती जपायची तरतूद झाली. पुढच्याच वर्षी पहिल्या यादीत सान्नेनझाका आणि गिओन शिम्बाशी आले. 2007 मध्ये शहराने मधल्या भागातल्या इमारतींची उंची 45 मीटरवरून 31 वर आणली, गच्चीवरच्या जाहिराती बंद केल्या. पण बाकीची हजारो माचिया साध्या गल्ल्यांत, दोन काँक्रीट इमारतींच्या मध्ये उभी आहेत, आणि तिथे कुणी फेरी नेत नाही. जपलेल्या दोन गल्ल्या चकचकीत दाखवून फेरी संपते आणि पाहुण्याला वाटतं सगळं छान चाललंय.

तेव्हा माझा प्रश्न रानजाई आणि आडवाट दोघांनाही: तुमच्या फिरण्याने यातलं एक तरी घर टिकायला मदत होते का?

मधुमालती

गोदाकाठ, शिराकावाच्या फरशीचं माहीतच नव्हतं. तिथला फोटो भिंतीवर लावलाय माझ्या.

आडवाट

गोदाकाठ, चांगला प्रश्न. माझं उत्तर असं, की मी यानाकात जेवलो, राहिलो आणि विकत घेतलं ते सगळं तिथल्या छोट्या दुकानांतून. यानाका गिन्झा हा 170 मीटरचा बाजाररस्ता, तिथे भाजी, मासे, तळलेले कटलेट विकणारी दुकानं अजून शेजारच्या लोकांसाठीच चालतात. जवळच एक जुनं सार्वजनिक न्हाणीघर आहे, 1993 पासून त्याचं कलादालन केलंय, धुराडं आणि कौलं तशीच. त्या भागाला वाचवलं ते तिथेच राहणाऱ्या बायकांनी. तिघींनी 1984 मध्ये मोहल्ल्याचं छोटं मासिक काढलं, म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, जुन्या इमारतींसाठी आवाज उठवला, आणि ते 2009 पर्यंत चालवलं. ते काम त्यांनी पर्यटकांसाठी केलं नाही, शेजाऱ्यांसाठी केलं.

गोदाकाठ

ते मासिक हे तुमच्या विरोधातलंच उदाहरण झालं की. कुणीतरी माहीतगार माणसाने वस्ती समजावून सांगितली म्हणून ती टिकली. तुम्ही ज्या फलकावर गोळ्यांचं वाचलंत तोही कुणीतरी लिहून ठेवलाय. एकट्याने फिरणाऱ्यामागेही कुणाची तरी मेहनत असते, फक्त तिचे पैसे आपण देत नाही.

आडवाट

हे मान्य. पण मासिक वाचायचं की नाही, कधी वाचायचं, हे माझ्या हातात राहतं. तिथेच फरक आहे.

कामोगावा

मी क्योटोत राहते. संशोधनासाठी आले, मग इथेच नोकरी लागली. हिगाशियामात एका जुन्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतलाय. धागा सकाळपासून वाचतेय आणि राग येतोय, म्हणून स्पष्ट लिहिते.

सगळी चर्चा आमची गल्ली कशी बघावी यावर आहे. बघावी का, हे कुणी विचारलेलंच नाही.

घराची जाळी म्हणजे आमची खिडकी. जाळीच्या आत अंधार आणि बाहेर उजेड, म्हणून बाहेरच्याला आतलं दिसत नाही, पण आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं आणि शब्दन् शब्द ऐकू येतो. लाकूड आणि कागद, आवाज अडवायला मध्ये काही नाही. गाइड चांगला असो की वाईट, परवानाधारक असो की हौशी, माझ्या जाळीसमोर थांबून जाळीवर व्याख्यान देतो तेव्हा मी आत जेवत असते. दिवसातून कितीदा, ते विचारू नका. रानजाई, तुमच्या गाइडबाईंनी जिथे थांबवलं तिथे आत कुणी होतं का, हा विचार आला होता का मनात?

शेजारच्या आजी रोज सकाळी दारासमोर झाडतात. स्वतःचं अंगण, आणि शेजाऱ्याचं अगदी थोडं, हातभर. जास्त झाडलं तर शेजाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं, काहीच नाही झाडलं तर आपण माणूसघाणे ठरतो. असे हिशेब इथे पिढ्यान् पिढ्या सांभाळले गेलेत. त्याच दारात आता रोज कॉफीचे पेले सापडतात. आजी बोलत नाहीत, उचलतात. शहराच्या बसमध्ये त्यांना चढता येईना, इतक्या सुटकेसा. शेवटी 2023 मध्ये पालिकेने दिवसभराचा बसपास विकायचा बंद केला, पुढच्या वर्षी पर्यटकांसाठी वेगळ्या जलद बस काढल्या. थोडा फरक पडला, फार नाही.

आणि गोदाकाठ, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पर्यटनाच्या पैशाने घरं टिकतात हे अर्धंच खरं. आमच्या गल्लीतली दोन घरं टिकली ती लॉज होऊन. लाकूड आहे, कौलं आहेत, रात्री चाकाच्या बॅगांचा खडखडाट आहे. वस्तीची कामं करायला माणूस नाही. घर टिकलं, शेजारी गेला.

रानजाई

कामोगावा, तुमचा प्रश्न योग्य आहे. त्या घरात माणसं होती. बाई हळू आवाजात बोलल्या, दाराच्या मधोमध उभं राहू दिलं नाही, फोटो काढू दिले नाहीत. तरी आतल्याला त्रास झालाच असेल, हे तुमच्याकडून ऐकल्यावर नाकारणार नाही.

पण याचं उत्तर "येऊच नका" हे मला पटत नाही. लोक येणारच आहेत. विमानं भरून येतायत, सरकार बोलावतंय. मग आलेला माणूस काही कळून फिरलेला बरा की न कळता? आजी शेजाऱ्याचं हातभर अंगण झाडतात, हे ज्याला कुणी सांगितलंय तो त्या दारात पेला टाकणार नाही. हे नकाशा सांगत नाही. तुमच्यासारखं तिथे राहणारं माणूसच सांगू शकतं. म्हणूनच मी गाइडचा आग्रह धरते.

कामोगावा

मला हे सांगायचंय, पण माझ्या दारात नाही. ऐकायला आणि बघायला जागा आहेत की. नाराच्या जुन्या वस्तीत नारामाचीमध्ये एक जाळीचं घर लोकांसाठीच उघडं ठेवलंय, प्रवेश फुकट. आत शिरा, पुढून मागेपर्यंत गेलेली मातीची पडवी बघा, चुलीवरचं उंच छप्पर बघा, मधल्या चौकातल्या बागेशी बसा, जाळी आतून बाहेर बघा. तेवढ्याने जे कळेल ते माझ्या भिंतीबाहेर तासभर उभं राहून कळणार नाही. गोदाकाठ म्हणाले ते सुगिमोतोंचं घरही ठरावीक दिवशी उघडतं. कानाझावात हिगाशी चहाघरांच्या भागात 1820 चं शिमा हे चहाघर आहे, तिकीट काढून आत जाता येतं. गाइडने अशा घरात घेऊन जावं, तिथे हवं तेवढं बोलावं. मधल्या गल्ल्यांतून गप्प चालावं. आणि गट पाच-सहाच्या वर नको.

विसूकाका

बाळ, हे तर फार बरं. आत बसायलाही मिळेल. नाराचं घर रोज उघडं असतं का?

कामोगावा

काका, आठवड्याची सुट्टी असते, निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. चपला काढाव्या लागतात, तेव्हा बांधायच्या बुटांपेक्षा सुटसुटीत काही घाला. वरच्या मजल्याचा जिना अगदी उभा आहे, काकूंना खालीच बसू द्या.

निशिकासाईकर

कामोगावा यांच्या अटी मला रास्त वाटतात, फक्त कोण पाळणार हा प्रश्न आहे. गिओनच्या लोकांना शेवटी पाट्या आणि बंदीच करावी लागली. मार्च 2026 पासून क्योटोत मुक्कामाचा कर माणशी रात्रीला कमाल 10,000 येनपर्यंत नेलाय, म्हणजे साडेपाच-सहा हजार रुपये. तो अर्थात सर्वात महागड्या हॉटेलांसाठी. त्यातला थोडा पैसा गाइडना नीट शिकवण्यावर खर्च व्हावा असं माझं मत.

आडवाट

मी माझ्या मतावर कायम आहे, पण एक बदल करतो. गिओन-हिगाशियामात मी एकटाही जाणार नाही. कामोगावा यांचं वाचून तिथे गाइडने जायचं की एकट्याने, हा वादच मला गौण वाटतो. यानाकात मात्र एकटाच जाईन, मुख्य रस्ते आणि बाजार धरून, आणि मागच्या गल्ल्यांत शिरणार नाही. ती सापासारखी गल्ली वाहता रस्ता आहे, तिच्यावर माझा हक्क सोडत नाही.

रानजाई

आणि मी गाइड घेणारच आहे. बाईंना आज मेल केलाय: सकाळी लवकर, आम्ही पाच जण, आधी आत जाता येईल असं एखादं घर, मग निशिजिन, मग जमलं तर शिराकावा. गोदाकाठनी सांगितलेली पाडलेल्या घरांची हकीकत त्यांच्याकडून सविस्तर ऐकायची आहे. भावाला हा धागा पाठवला. तो म्हणतो, बघू.

कामोगावा, तुमच्या गल्लीत आम्ही येऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते मी मान्य करते. पण क्योटोत येऊच नये हे मान्य नाही. तेवढा मतभेद राहू द्या.

कामोगावा

राहू दे. एक विनंती मात्र सगळ्यांना. ऑगस्टच्या शेवटाकडे, 24 तारखेच्या आगेमागे, गल्लोगल्ली जिझोची, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या देवाची, पूजा असते, मुलांचा सण. कोपऱ्यावरची छोटी देवळी सजवतात, रस्त्यावर चटया घालतात, मुलं बसून खाऊ खातात, म्हातारी माणसं त्यांच्याबरोबर खेळतात. आमच्याकडे मुलं आता फारच थोडी उरलीत. ते खूप सुंदर दिसतं हे मला माहीत आहे, आणि कुठला तरी गाइड ते दाखवायला घेऊनही जाईल. त्या दिवशी तुमचा गाइड आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळू लागला, तर त्याला सरळ पुढे चला म्हणा.